कपाशीच्या पानगळीचे औषध पंपाला मोजावे की एकराला?

प्रश्न (अथणी तालुका): नमस्कार. आमच्या चार एकर काळ्या रानात कपाशी असून निम्मी बोंडे फुटली आहेत. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (मुख्य वेचणीनंतरही पुढे राखलेले पीक) न ठेवता पराट्या (कपाशीची वाळकी झाडे) काढून हरभरा पेरायचा आहे. वेचणीला माणसे मिळत नाहीत, म्हणून पानगळ करून एकदाच वेचावे असे वाटते. डाळिंबाच्या बहाराआधी पाने गाळायला आम्ही इथेफॉन मारतो, तोच अंदाज इथे चालेल काय? दुकानदार थायडियाझुरॉन आणि डाययुरॉनचे मिश्र औषध 'पंपाला एक टोपण' सांगतो. गावातले काही जण दोन टाकतात.

उत्तर (बैलहोंगल): दोन टोपणे मुळीच टाकू नका. देठाच्या बुडाशी पेशींचा विलग थर तयार झाला तरच पान गळते, आणि त्याला पान काही दिवस जिवंत राहावे लागते. मात्रा जास्त झाली की पान आधीच करपते, झाडालाच चिकटून राहते आणि वेचताना त्याचा चुरा रुईत मिसळतो. थंडीत थायडियाझुरॉनचे काम मंदावते, तेव्हा लोक घाईने मात्रा वाढवतात. त्याऐवजी उबदार दिवस पाहावेत. सुमारे 60 टक्के बोंडे फुटेपर्यंतही थांबा. वरचे बोंड चाकूने कापून पाहा: सरकीत पातळ गर दिसला तर ते कच्चे आहे आणि पाने गेल्यावर भरणार नाही. डाळिंबाचा अंदाज तर पूर्ण विसरा, कारण कीटकनाशक कायदा, 1968 खालील नोंदणीत पीक आणि मात्रा ठरलेली असते.

उत्तर (निपाणी): लेबलावर मात्रा हेक्टरी असते, टोपणावर नव्हे. आधी साधे पाणी भरून, नेहमीच्या चालीने 10 गुंठे फवारा. तीन पंप लागले तर एकराला बारा लागतील. उदाहरणादाखल मात्रा हेक्टरी 200 मिली धरली, तर एकरी सुमारे 80 आणि पंपाला पावणेसात मिली येते. तुमच्या शेजाऱ्याला एकरी आठच पंप पुरत असतील तर त्याचा हिशेब 10 मिलीचा होतो. तो ऐकून तुम्ही बारा पंपांत 10 मिली टाकलेत की मात्रा दीडपट झाली. एकाच रानात नोझल बदलू नका.

उत्तर (चिकोडी): अण्णा, बांधाला द्राक्षबाग असेल तर वारा पडल्याशिवाय पंप उचलू नका, पानगळीच्या औषधाचा उडालेला फवारा वेलीलाही लागतो. डाययुरॉन मुळात तणनाशक आहे, त्यामुळे हरभऱ्याबाबत माहितीपत्रकात काय लिहिले आहे ते पाहूनच ठरवा. नियमाप्रमाणे पत्रक विक्रीच्या भागातील प्रादेशिक भाषेतही असावे लागते. सीमाभागात अलीकडची बाटली पलीकडे जाते, म्हणून वाचता येईल असे पत्रक मागूनच पैसे द्या.

प्रश्नकर्ता: आज पाणी फवारून पाहिले. मला 10 गुंठ्यांना साडेतीन पंप लागले, माझ्या मुलाला अडीच. दोघांनी वेगवेगळ्या सऱ्या घेतल्या असत्या तर एकाच रानात दोन मात्रा पडल्या असत्या. आता एकटा मुलगाच फवारेल, तेही बोंडे आणखी फुटल्यावर.