फुकट सेमिनार, आत्याची सही आणि जर्मनी

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, गणपतीच्या आधीचे दिवस. गुड मॉर्निंगचे फोटो गाळलेत. पाण्याचे मेसेज गाळायचा प्रयत्न केला, पण ते मधे मधे येतातच.)

सुलभा काकू: नमस्कार 🙏 रविवारी स्टँडजवळच्या हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मोफत सेमिनार आहे. "आयईएलटीएसशिवाय प्रवेश, जागेवर ऑफर लेटर, व्हिसाची १००% हमी" असं लिहिलंय. (आयईएलटीएस म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा.) तन्वीचं शेवटचं वर्ष सुरू झालं, जर्मनीचं तिच्या मनात आहे, तिला घेऊन जावं म्हणते. कुणाला काही माहिती?

नार्वेकर (चेअरमन): बी विंगची मोटर उद्या सकाळी बंद राहील. पाणी रात्रीच भरून ठेवा.

ओंकार: काकू, जाऊन या, चहा-समोसा खा. पण कशावर सही करू नका आणि ओरिजिनल मार्कशीट तर अजिबात हातात देऊ नका. व्हिसा द्यायचा की नाही हे त्या देशाचं सरकार ठरवतं. त्याची हमी कोण कशी देणार?

ओंकारची आई: जेवलास का रे?

ओंकार: हो आई. इथे नको.

सुलभा काकू: अरे पण मोफत आहे ना? ऐकायला काय जातं?

ओंकार: तुमच्याकडून घेत नाहीत, कॉलेजकडून घेतात. मूल तिकडे दाखल झालं की एजंटला कमिशन. त्यात बेकायदा काही नाही, पण जे कॉलेज कमिशन देतं तेच तो दाखवणार. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं असलं काही देत नाहीत. म्हणून तिथे जर्मनीचं नाव काढलंत की एखादं खासगी कॉलेज पुढे येईल, लाखांत फी असलेलं. आणि सरकारीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फीच नाही, फक्त सत्राची वर्गणी भरायची.

मुग्धा: खरंय. आमच्या कॉलेजातल्या एका मुलाला अशाच एका एजंटने "तुला हेच मिळेल" म्हणून एकच कॉलेज दाखवलं. दुसरं बघायचं असतं हेच त्या मुलाला माहीत नव्हतं.

तन्वी: ओंकारदादा, मी डाडच्या, म्हणजे त्या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या साइटवर कोर्स बघायला बसले तर शेकड्यांनी आले. मेकॅनिकल टाकलं तरी यादी संपत नाही. सुरुवात कुठून करू?

ओंकार: गाळायला शिक. डाडच्या शोधात भाषा इंग्रजी, पदवी मास्टर्स एवढं निवड. मग प्रत्येक कोर्सच्या स्वतःच्या पानावर जाऊन प्रवेशाच्या अटी वाच, डाडवरच्या माहितीवर थांबू नकोस. तुझ्या बी.ई.चे विषय त्यांच्या विषयांशी किती जुळतात हे ते बारकाईने बघतात. थर्मो, फ्लुइड्स, गणित यांचे क्रेडिट कमी पडले तर सीजीपीए कितीही चांगला असो, नकार येतो. आठ-दहा कोर्स निवड, शीटमध्ये घाल.

फी तपासताना दोन अपवाद लक्षात ठेव. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. आणि म्युनिकच्या टीयूएम विद्यापीठानेही २०२४-२५ पासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. नाव मोठं म्हणून सगळे तिकडेच धावतात.

तन्वी: आणि एपीएस?

ओंकार: ते सगळ्यात आधी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे. तुझ्या मार्कशीट खऱ्या आहेत का हे ते तपासतात आणि सर्टिफिकेट देतात. फी १८,००० रुपये. गर्दीच्या महिन्यांत फार वेळ लागतो, त्यामुळे कागद हातात आले की लगेच टाक. अर्ज बऱ्याच ठिकाणी युनि-असिस्टमार्फत जातात, ती बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज तपासणारी सामाईक संस्था आहे, पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १५ जुलै, पण इंग्रजीतल्या मास्टर्सची त्याच्या बरीच आधी असू शकते. १५ जुलै धरून बसू नकोस.

परुळेकर भाऊ: माझ्या झिलाक डॉक्टरकीक भायर धाडूचो इचार आसा. नीटमध्ये मार्क कमी पडले. रशिया, जॉर्जिया म्हणतत. एजंट म्हणता नीट नसली तरी चलता. खरां काय?

मुग्धा: भाऊ, खोटं. नीट पात्र नसेल तर तिकडची पदवी घेऊन इथे प्रॅक्टिस करताच येणार नाही. नॅशनल मेडिकल कमिशनचे २०२१ चे नियम आहेत, ते त्यांच्या साइटवर स्वतः वाचा. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीत, वर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं मिळून १० वर्षांच्या आत. आणि त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टर म्हणून नोंदणी मिळायला हवी. "अर्धं तिकडे, अर्धं इकडे करू" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

परुळेकर भाऊ: आनि परत इल्यावर परीक्षा?

मुग्धा: एफएमजीई. ३०० पैकी १५० लागतात, आणि दर वेळी नापास होणारेच जास्त असतात. एजंटला विचारा, त्याने पाठवलेली किती मुलं ही पास झाली. त्यावर तो काय बोलतो त्यावरून माणूस ओळखा.

परुळेकर भाऊ: बरां झाला इचारलंय ता. आजच फोन करतंय त्याका.

गावकर वहिनी: सुरमईवाला आलाय गेटवर. कुणाला हवी?

गावकर वहिनी: ६०० म्हणतोय, ५०० ला देईल.

साळवी काका: सुलभावहिनी, मुलीचं कौतुक आहेच. पण पैशाचं कसं करणार? बँकेत उभं आयुष्य गेलं म्हणून विचारतो, राग नको.

सुलभा काकू: राग कसला काका. ह्यांची पावस गावची आंब्याची कलमं आहेत ना, शंभरेक. त्यावर कर्ज काढू म्हणतात हे.

साळवी काका: तिथेच कोकणातली निम्मी माणसं अडतात, म्हणून सांगतो. शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा धरतच नाहीत. बाग कितीही मोलाची असो, सातबाऱ्यावर शेती लिहिलेलं असलं की मॅनेजर फाईल परत करतो. त्यात आपल्याकडचा सातबारा म्हणजे चुलते, चुलत चुलते, मुंबईला गेलेले, वारलेले, सगळे एकाच पानावर. आणेवारीवरून, म्हणजे कुणाचा वाटा किती यावरून, भांडणं वेगळी.

बँकेला लागतं काय? फ्लॅट, घर, एनए झालेला प्लॉट, एफडी, विम्याची पॉलिसी. साडेसात लाखांपर्यंत साधारण तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार झाले की पुरतं. त्यावर गेलात की तारण आलंच.

ओंकार: आणि जर्मनीला साडेसातमध्ये भागत नाही काका. फी नसली तरी राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. मी भरले तेव्हा वर्षाचे ११,९०४ युरो होते. तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.

सुलभा काकू: म्हणजे जवळजवळ बारा लाख!

साळवी काका: बाराच धरू नका, तिकीट, विमा, घराची डिपॉझिट धरून पंधरा म्हणा. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एक अर्ज भरला की एकाहून जास्त बँकांकडे जातो, पण खरं काम शाखेत बसूनच होतं. जिल्ह्याच्या मुख्य शाखेत जा, छोट्या शाखेतला माणूस असली प्रकरणं वर्षात एखादं बघतो. व्याज मोराटोरियममध्ये, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधी, थोडं थोडं भरत राहिलात तर पुढे बोजा कमी. व्याजावर आयकरात ८०ई ची सवलत आठ वर्षं मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. आणि पैसे पाठवताना १० लाखांवर जो टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात तो बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून लागत नाही. घरचे पैसे आधी पाठवून मग कर्ज काढणाऱ्यांना हे नंतर कळतं.

सुलभा काकू: मग फ्लॅटच ठेवू तारण. आमचाच तर आहे.

नार्वेकर (चेअरमन): वहिनी, फ्लॅट अजून तुमच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्याच नावावर आहे. शेअर सर्टिफिकेट बदललेलं नाही.

सुलभा काकू: अहो पण नॉमिनेशन ह्यांचं आहे ना!

साळवी काका: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे वहिनी. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेईल, पण बँकेचा वकील विचारणार, बाकीचे वारस कोण? अण्णांना मुलं किती?

सुलभा काकू: हे आणि दोन आत्या. एक चिपळूणला, एक दुबईला.

साळवी काका: मग दोघींचं हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. साध्या स्टँपपेपरवरचं चालणार नाही. दुबईच्या आत्या गणपतीला येतायत ना? तेवढ्यात उरकून घ्या. पण चतुर्थीला कार्यालय बंद, आधीचा दिवस धरा. नाहीतर तिकडच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल, त्यात महिना जाईल.

सुलभा काकू: अगंबाई. मी समजत होते आयईएलटीएस कठीण.

तन्वी: 😂

नार्वेकर (चेअरमन): बँकेला सोसायटीची एनओसी पण लागते. ती कमिटी देईल. थकबाकी नसली की.

सुलभा काकू: आमची कसली थकबाकी?

नार्वेकर (चेअरमन): एप्रिलपासूनचा पार्किंग चार्ज.

सुलभा काकू: त्यावर आपलं बोलणं झालं होतं ना भाऊ, त्या जागेत तुमचं जनरेटर असतं!

जोशी सर: पार्किंगचं नंतर. शिष्यवृत्तीचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे पोरं कर्जावर उडी घेतात आणि महाराष्ट्र सरकारच्याच योजना बघत नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, समाजकल्याणकडे. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांना सारथी संस्थेची, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नावाची. ओबीसींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी, खुल्या प्रवर्गाला तंत्रशिक्षण संचालनालयाची. केंद्राची नॅशनल ओव्हरसीजही आहे. जागा थोड्या, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट, उत्पन्नाची अट. जाहिरात आली की मुदत फार नसते, म्हणून जातीचा, उत्पन्नाचा आणि डोमिसाइल दाखला आधीच काढून ठेवा.

सयाजीरावांचं नाव उगीच नाही. आपल्याच मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेले बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आणि दापोलीकडच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवरच केंब्रिजला गेले, १८९९ ला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले झाले. तेव्हा बोटीने जायचे दिवस होते.

ओंकार: सर, जेएन टाटा एन्डाउमेंट पण लिहा. १८९२ पासूनची आहे, कर्जरूपी शिष्यवृत्ती, फेडावी लागते पण बँकेपेक्षा खूप सौम्य. केसी महिंद्राची बिनव्याजी. दोन्हींचे अर्ज वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच असतात, मुलाखत असते. बहुतेक मुलं प्रवेश मिळाल्यावर जागी होतात, तोवर खिडकी बंद.

तन्वी: डाडची शिष्यवृत्ती नाही का मिळत?

ओंकार: ईपॉस म्हणून आहे, पण तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. तुला आत्ता नाही. अमेरिकेचा विचार कधी केलास तर एज्युकेशन-यूएसएचे सल्लागार मुंबईत युसिफच्या (भारत-अमेरिका शैक्षणिक फाउंडेशनच्या) ऑफिसात बसतात. एज्युकेशन-यूएसए अमेरिकन सरकारचंच आहे, कुठल्या कॉलेजचं कमिशन घेत नाहीत. ब्रिटनला चेव्हनिंग आहे, तिलाही दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं परत यावं लागतं.

मुग्धा: तन्वी, माझं एक ऐक. या सगळ्याच्या आधी तुझं नाव तपास. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर मधलं नाव आहे की नाही? आधारवर स्पेलिंग काय? आमच्याकडे दर वर्षी एखादी मुलगी एका 'ए'साठी रडत येते. पासपोर्टची फी १,५०० रुपयेच आहे, पण नाव चुकलं की दुरुस्तीत सहज काही महिने. आणि मुंबई विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा उतारा, वेळेवर माग, निकालानंतर अर्ध्या महाराष्ट्राला तेच हवं असतं. अर्ज ऑनलाइन होतो, तेवढ्यासाठी कलिन्याला खेप नको.

सुलभा काकू: आणि आयईएलटीएस इथे होते का?

मुग्धा: कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा मुंबई. गोव्याला जनशताब्दीने जाऊन ये, पण पावसाळी वेळापत्रक बघ. निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा फार आधी देऊन टाकू नकोस. सरावाच्या चाचण्या आयडीपी आणि ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर फुकट आहेत. क्लासला तीस हजार भरायच्या आधी त्या सोडव, मग ठरव क्लास लागतो का.

ओंकार: जर्मनही आत्तापासून घे, कोर्स इंग्रजीत असला तरी. दुकानात, दवाखान्यात, पार्ट-टाइम कामाला इंग्रजी पुरत नाही. डॉयचे वेलेचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, बी१ पातळीपर्यंत जातो. पुण्याला मॅक्स म्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. आणि पोचल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नाव नोंदव, संकट आलं तर वकिलातीला तू कुठे आहेस हे माहीत असतं.

ओंकारची आई: तू नोंदवलंयस का?

ओंकार: हो आई.

परुळेकर भाऊ: एजंटाक फोन केलंय. मोबाईल बंद करून बसलोहा.

साळवी काका: वहिनी, उद्या चारला या घरी. अण्णांचं मृत्यूपत्र असलं तर तेही आणा, शेअर सर्टिफिकेट आणि मूळ खरेदीखत. दस्ताचा मसुदा मी लिहून ठेवतो, वकिलाकडे नुसतं तपासायला जाईल.

सुलभा काकू: येते काका. चिपळूणच्या आत्यांना फोन केला, त्या तयार आहेत. दुबईच्या म्हणाल्या, आधी सांग, माझ्या वाटणीचे आंबे चालू राहतील ना.

नार्वेकर (चेअरमन): रविवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग आहे. वहिनी, शेअर ट्रान्सफरचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला आणलात तर त्याच दिवशी घेऊ. एनओसी पण. पार्किंगचं तिथेच बोलू.

गावकर वहिनी: सुरमई संपली. बांगडे आहेत.