शब्दचर्चा : ‘मॉडेल’ला मराठीत काय म्हणावं?

खिळेजुळारी
मंडळी, कोल्हापुरातल्याच एका विज्ञान स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडं आलीत. दोन लेख शेजारी शेजारी आहेत. पहिला अर्धसंवाहकांच्या ‘अतिसूक्ष्म’ कणांवर प्रकाश पडला की काय होतं त्याचा. दुसरा यकृताच्या विषाणूजन्य आजारांच्या अभ्यासात कुठले प्राणी वापरतात त्याचा. दोन्हींत ‘मॉडेल’ शब्द पानोपानी, आणि अनुवादकानं सगळीकडं ‘प्रतिमान’ ठोकलंय. पहिला लेख वाचताना कुठं अडलो नाही. दुसऱ्यात “वुडचक हे हिपॅटायटिस बीचे उत्तम प्रतिमान आहे” असं आलं आणि पेन्सिल थांबली. वुडचक म्हणजे उत्तर अमेरिकेतला, खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. संपादक म्हणतात, ‘नमुना’ करा. आज रात्री पानं लागायचीत.

रंकाळ्यावरचा
नमुना नको भावा. आपल्याकडं “काय नमुना हाय” म्हटलं की पुढं काय सांगायला लागत नाही. वुडचकचा फोटो बघितला. शोभतंय म्हणा त्याला.

लॅबवाली ताई
थट्टा राहू दे, पण नमुना खरंच नको. आमच्या लॅबमध्ये नमुना म्हणजे बाटलीतलं रक्त नाहीतर लघवी. त्या लेखात वुडचकच्या रक्ताचे नमुनेही येणारच. मग काय, नमुन्याचे नमुने?

खिळेजुळारी
‘प्रारूप’ कसं वाटतं?

रंकाळ्यावरचा
प्रारूप मतदार यादी, प्रारूप आराखडा. वुडचकवर हरकती आणि सूचना मागवायच्या असतील तर ठेवा.

निवृत्त मास्तर
शब्द शोधण्याआधी दोन्हीकडं मॉडेल काय काम करतं ते बघू. पहिला लेख क्वांटम डॉटचा असणार. कॅडमियम सेलेनाइड हा अर्धसंवाहक घ्या. सलग स्फटिकात त्याचं ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सुमारे १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तांबड्याच्या पार कडेला. त्याच पदार्थाचा दोनेक नॅनोमीटरचा कण केला तर तो निळसर उजळतो, सहा-सातचा केला तर लाल. रसायन तेच, फक्त आकारमान बदललं. इलेक्ट्रॉन आणि त्यानं मागं सोडलेलं विवर अशी जोडी एवढ्याशा जागेत कोंडली जाते, आणि जागा जितकी आवळावी तितकी तिची ऊर्जा वाढते. येकिमोव्ह यांनी हे काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत पाहिलं, ब्रूस यांनी द्रावणात, आणि १९९३ मध्ये बावेंडी यांनी हवे तेवढे एकसारखे कण करायची रीत बसवली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचं गणित करताना ‘पेटीतला कण’ असं चित्र धरतात. पेटीच्या भिंती अभेद्य मानायच्या. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनची लहर भिंतीबाहेर थोडी झिरपते, त्यामुळं फार लहान कणांसाठी उत्तर मोजणीपेक्षा जास्त येतं. तरी पेटी टाकून देत नाहीत, कारण फरक किती आणि कशामुळं हे तिच्यामुळंच कळतं. इथं प्रतिमान चपखल आहे. संस्कृतात प्रतिमान म्हणजे काट्यातलं वजनसुद्धा. आपल्या गूळ बाजारात एका पारड्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणि दुसऱ्यात लोखंडी वजन ठेवा. लोखंड काही गूळ नाही, पण गूळ किती ते तेच सांगतं.

जाता जाता, ‘अतिसूक्ष्म’ काढा, ‘अब्जांश’ करा. ग्रीकमध्ये नॅनो म्हणजे बुटका, त्यातून माप कळत नाही. आपला अब्ज म्हणजे शंभर कोटी, तेव्हा मीटरचा अब्जांश हा हिशेब तंतोतंत आहे.

लॅबवाली ताई
मास्तर, गुळाचं पटलं, आणि त्यामुळंच दुसऱ्या लेखात ते चालत नाही हेही कळलं. वुडचक पारड्यातलं वजन नाही, तो स्वतः आजारी पडतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू साध्या उंदराला लागतच नाही. चिंपांझीला माणसाचाच विषाणू लागतो, पण आजार सौम्य असतो. आणि चिंपांझीवर प्रयोग करणं आता जवळजवळ थांबलंय. वुडचकला माणसाचा विषाणू लागत नाही, त्याचा स्वतःचा आहे, १९७८ मध्ये सापडलेला. १९८० मध्ये पेकिन बदकात आणखी एक सापडला. म्हणजे हे चुलत विषाणू. पण वुडचकला जुनाट लागण राहिली की बहुतेक वेळा यकृताचा कर्करोग होतो, म्हणून त्याला एवढं महत्त्व. तुपाया नावाच्या झाडावरच्या प्राण्याला मात्र माणसाचा विषाणू लागतो. त्याच्याच यकृतपेशींच्या मदतीनं २०१२ मध्ये विषाणू पेशीत कुठल्या दारानं शिरतो ते सापडलं.

आता सांगा, या सगळ्यांना एकच शब्द कसा लावणार? मी तर म्हणते ‘बदली रुग्ण’.

रंकाळ्यावरचा
बदली म्हटल्यावर गडचिरोली आठवतंय ताई. ‘तोतया रुग्ण’ करा.

लॅबवाली ताई
तोतया सोंग करतो. हे बिचारे खरोखर मरतात. गिरणीत, कारखान्यात ‘बदली कामगार’ म्हणतात, त्या अर्थानं म्हणाले मी. आणि खिळेजुळारी, लेखात ‘काविळीचे प्रतिमान’ असेल तर तेही खोडा. कावीळ हे लक्षण आहे. हिपॅटायटिस बी आणि सी अंगात वर्षानुवर्षं असूनही डोळे पिवळे न झालेले कितीतरी लोक असतात. आपल्याकडं २०१२ ची इचलकरंजीची साथ मनात असते, म्हणून काविळीचं नाव काढलं की आधी पाण्याकडं बोट जातं. बी आणि सी पाण्यातून येत नाहीत, मुख्यतः रक्तातून आणि शरीरस्रावांतून येतात.

निवृत्त मास्तर
‘बदली रुग्ण’ अर्थानं नेमका आहे, पण रुळायला वेळ लागेल. प्रत्येक ठिकाणी नाम हवंच का? वाक्य मोडून बघा.

खिळेजुळारी
बघितलं मास्तर. “वुडचक हे उत्तम प्रतिमान आहे” याचं “हा आजार वुडचकमध्ये चांगला अभ्यासता येतो” केलं. बहुतेक ठिकाणी शब्दच लागला नाही. जिथं लागलाच तिथं सरळ ‘मॉडेल’ ठेवलं, आणि एकदा ताईंचा ‘बदली रुग्ण’ अवतरणात घातला. पहिल्या लेखात प्रतिमान तसंच आहे, अब्जांशही केलं. काविळीच्या तीन जागा सापडल्या, तिन्ही खोडल्या.

फक्त “वुडचक हा या विषाणूचा यजमान होय” हे वाक्य उरलं होतं. आमच्या मंडळींनी ते खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, “अहो, मग विषाणू बाई आहे का?” त्याचं ‘आश्रयदाता’ केलंय. पानं गेली छपाईला.