शब्दचर्चा : ग्रीक 'ओइदा'

अनुनासिक : प्राचीन ग्रीक शिकतोय. 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे'. पण व्याकरणात हे पर्फेक्टचं, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्याचं, रूप म्हणून दिलंय. मग अर्थ वर्तमानाचा कसा?

लिट्लकार : संस्कृत येत असेल तर निम्मं काम झालंय. ग्रीकमध्ये सुरुवातीचा 'व' गळाला आहे, तो परत लावा : 'वोइदा'. आता शेजारी 'वेद' ठेवा. 'अहं वेद', मी जाणतो. तोही प्रत्ययांनी लिट् (ग्रीक पर्फेक्टचा संस्कृत जोडीदार, एरवी भूतकाळाचा), अर्थाने वर्तमान! मुळात धातू 'पाहणे' या अर्थाचा. ग्रीकमध्ये 'एइदोन' म्हणजे 'मी पाहिलं'. पाहून झालंय म्हणून आता ठाऊक आहे, असं रूढ स्पष्टीकरण.

एरवी या रूपात द्वित्व, म्हणजे धातूच्या सुरुवातीची पुनरावृत्ती, लागतं : ददर्श, चकार, ग्रीक 'लेलोइपा' (मी सोडलं आहे). या दोघांत ते नाही. पुढची मी-तू-तो अशी रूपं मोठ्याने म्हणून बघा : ओइदा, ओइस्था, ओइदे, वेद, वेत्थ, वेद. तो 'थ'सुद्धा दोन्हीकडे टिकलाय. अनेकवचनात दोन्हीकडे स्वर आखडतो : होमरचं 'इद्मेन', वैदिक 'विद्म'. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केलं, 'विदो लटो वा' (३.४.८३) : विद् धातूला लट्मध्ये (वर्तमानकाळात) लिट्चे प्रत्यय विकल्पाने. म्हणून 'वेत्ति'ही चालतं.

अनुनासिक : मग 'ठाऊक होतं' कसं म्हणायचं?

लिट्लकार : प्लूपर्फेक्टचं (पर्फेक्टच्याही मागच्या भूतकाळाचं) रूप वापरून, 'एइदेइन'. सगळंच एक पायरी सरकतं. वाक्यरचनेकडे मात्र लक्ष ठेवा. सोबत धातुसाधित विशेषण किंवा 'होति' ('की') आलं, तर 'अमुक आहे हे माहीत असणे'. सोबत तुमन्तासारखं ('करायला' अशा अर्थाचं) रूप आलं, तर 'करता येणे', म्हणजे आपण 'मला पोहता येतं' म्हणतो तसं.

चौकसबुवा : ग्रीक कथेतल्या राजा ईडिपसच्या, म्हणजे 'ओइदिपूस'च्या, नावात हाच 'ओइदा' आहे का हो?

लिट्लकार : नाही. ते 'ओइदेओ', सुजणे, आणि 'पूस', पाय. सुजलेल्या पायाचा. पण नाटककार सोफोक्लीसला हे ध्वनिसाम्य सोडवेना. स्फिंक्स या राक्षसीचं कोडं सोडवल्याची फुशारकी मारताना राजा स्वतःलाच 'हो मेदेन एइदोस ओइदिपूस' म्हणतो, 'काहीच न जाणणारा ओइदिपूस'. त्यातलं 'एइदोस' म्हणजे आपल्या 'विद्वान'चा सख्खा भाऊ. स्त्रीलिंगी 'एइदुइया', आपली 'विदुषी'. राजा हे उपरोधाने बोलतो, पण आपला बाप कोण हे त्याला खरंच ठाऊक नसतं.