विषय: गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये कुत्रा

प्रेषक: सचिव

सर्वांना नमस्कार,

यंदाचा गणेशोत्सव विद्यापीठाच्या स्टुडंट सेंटरमधल्या मोठ्या हॉलमध्ये आहे. नावनोंदणीच्या फॉर्मवर एका कुटुंबाने लिहिलंय की मुलीबरोबर तिचा सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्वात मदत करायला शिकवलेला कुत्रा, येईल. समितीत यावर दोन मतं पडली. सभासदांनी मोकळेपणाने लिहावं, गुरुवारच्या मीटिंगमध्ये मतदान घेऊ.

---

प्रेषक: प्रसाद समितीतून

सचिवताई,

मी विरोधात आहे. कारणं इथेच लिहितो, म्हणजे मागाहून कुजबुज नको. चारशे माणसं येणार. त्यात रांगणारी पोरं, भारतातून आलेले आईवडील, खाली सतरंज्या, हातात प्रसादाचे द्रोण. एखाद्याला कुत्र्याची ॲलर्जी असली तर काय करायचं?

मला सातव्या वर्षी गावी कुत्रा चावला होता. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आई मला रोज एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची. साठ वर्षं झाली, तरी कुत्रा जवळून गेला की पोटात गोळा येतो. सोवळ्याओवळ्याचा मुद्दा मी काढत नाही. आमचं कुलदैवत खंडोबा, चंपाषष्ठीला कुत्र्याला घास घातल्याशिवाय आमच्याकडे पानं वाढत नसत. पण विमानात लोक कुठल्याही पाळीव कुत्र्याला सर्व्हिस डॉगचं जॅकेट घालून न्यायचे, ते आपण पाहिलंय. खरा कुठला, खोटा कुठला, हे दारावर कसं ओळखणार? निदान सर्टिफिकेट तरी मागा.

---

प्रेषक: एक सभासद

काका, सचिवताई,

विद्यापीठांमध्ये अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणं हेच माझं नऊ वर्षांचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मतदान कृपया घेऊ नका. हा विषय मतांचा नाही. एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) हा इथला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, त्यातले प्राण्यांबद्दलचे सध्याचे नियम मार्च २०११ पासून लागू आहेत. त्यांनुसार सर्व्हिस ॲनिमल म्हणजे कुत्रा, आणि तोही अपंग व्यक्तीसाठी एखादं ठरावीक काम करायला शिकवलेला. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. खरंच आहे!) असा कुत्रा सर्वसाधारण लोकांना जिथे जाता येतं तिथे मालकाबरोबर जाऊ शकतो: वर्ग, लायब्ररी, सभागृह, जेवणाची रांगसुद्धा. जिथे स्वयंपाक होतो तिथे सहसा नाही. धार्मिक संस्थांना स्वतःच्या जागेत या कायद्यातून सूट आहे, पण आपला हॉल सरकारी विद्यापीठाचा आहे आणि त्यांचे नियम पाळू असं आपण भाडेकरारात सही करून कबूल केलंय.

काका, सर्टिफिकेट मागता येत नाही, कारण असं सर्टिफिकेट मुळात नसतंच. सरकारी नोंदणी नाही, जॅकेट घालायची सक्ती नाही. इंटरनेटवर पैसे भरून मिळणाऱ्या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही. काम बघताक्षणी लक्षात येत नसेल, तर दारावर दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? काय आजार आहे, करून दाखवा, कागद दाखवा, हे विचारायचं नाही.

मात्र कुत्र्याच्या मालकावरही जबाबदारी आहे. पट्टा हवा, कुत्रा ताब्यात हवा. तो सारखा भुंकत राहिला, अंगावर गेला आणि मालकाला आवरता आला नाही, किंवा आत घाण केली, तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगता येतं. माणसाला मात्र परत आत येऊ द्यायचं. खोट्या कुत्र्याची ओळख बहुतेक वेळा इथेच पटते, कारण शिकवलेला कुत्रा तासन् तास पायाशी पडून असतो.

ॲलर्जी किंवा भीती या कारणांनी नाही म्हणता येत नाही. पण भीती खरी असते, काका. तुमची गोष्ट वाचून मला माझे आजोबा आठवले. अशा वेळी दोघांनाही सामावून घ्यायचं, एकाच हॉलमध्ये लांब लांब जागा द्यायच्या. आपल्याकडे दोन दारं आहेत, मधे मोठा रस्ता सोडता येईल.

---

प्रेषक: एक पालक

ताई, एक शंका. आमच्या चिरंजीवांना डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, मांजर ठेवायची परवानगी मिळाली आहे, रीतसर पत्र देऊन. तो आता म्हणतो, कुत्रा चालतो तर मांजर का नाही?

---

प्रेषक: एक सभासद

नाही चालणार. ते इमोशनल सपोर्ट ॲनिमल, म्हणजे मनाला आधार म्हणून ठेवलेला सोबतीचा प्राणी, त्याचा कायदा वेगळा. राहत्या जागेला फेअर हाउसिंग ॲक्ट लागू होतो, त्यामुळे डॉर्ममध्ये परवानगी मिळते, आणि तिथे डॉक्टरचं किंवा थेरपिस्टचं पत्र मागता येतं. पूर्वी विद्यापीठं म्हणायची, डॉर्म म्हणजे घर नव्हे. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसवर एका विद्यार्थिनीला नैराश्य आणि ॲन्झायटीसाठी छोटा कुत्रा ठेवायचा होता, तिला नकार मिळाला. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की विद्यार्थ्यांच्या निवासालाही हा कायदा लागू आहे, आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली.

पण ती परवानगी खोलीपुरती. वर्गात किंवा आपल्या आरतीला मांजर आणायचा हक्क त्यातून मिळत नाही. विमानाचंही तसंच: जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना असे सोबतीचे प्राणी सर्व्हिस ॲनिमल म्हणून घ्यावे लागत नाहीत. काकांनी पाहिलेली जॅकेटं त्याआधीची असणार.

फरक आजाराचा नाही, शिकवलेल्या कामाचा आहे. घाबरण्याचा झटका येणार हे ओळखून मालकाला जागेवर बसवायला शिकलेला कुत्रा सर्व्हिस डॉगच असतो, आजार मनाचा असला तरी.

---

प्रेषक: त्या मुलीची आई

नमस्कार. दोन दिवस वाचते आहे. मला काही सांगायची सक्ती नाही हे कळलं, पण आपल्या माणसांना सांगावंसं वाटतं.

लेकीला नवव्या वर्षी टाइप वन डायबेटिस झाला. आता ती एकोणीस वर्षांची आहे, याच कॅम्पसवर शिकते. साखर पडायला लागली की कुत्रा तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवतो आणि ती काही खाईपर्यंत काढत नाही. दंडावर सेन्सरही आहे, पण त्याचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो. शिवाय ढोल-ताशात त्याचा अलार्म ऐकूच येत नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री कुत्र्यानेच तिला झोपेतून उठवलं. मी तेव्हा ऐंशी मैलांवर होते.

गेल्या दिवाळीत दुसऱ्या एका गावच्या कार्यक्रमात आम्हाला दारावर वीस मिनिटं थांबवलं. पाठीमागे रांग, सगळे बघतायत, आणि एक गृहस्थ विचारतायत, "दिसायला तर ठणठणीत आहे, हिला काय झालंय?" ती तिथून परत फिरली. त्यानंतर मराठी कार्यक्रमाला यायला तयारच नव्हती. या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला, म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होते.

काका, तिला मी तुमच्या इंजेक्शनांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, आम्ही डावीकडच्या दाराने येऊ आणि भिंतीकडच्या शेवटच्या रांगेत बसू, आजोबांना उजवीकडे बसू दे. ढोलाजवळची जागा आम्हालाही नकोच, कुत्र्याच्या कानांना त्रास होतो.

दोन विनंत्या. मुलांनी त्याला हात लावू नये, हाका मारू नयेत, कारण त्याचं लक्ष तिच्यावरून हटायला नको. आणि कोणी प्रेमाने प्रसाद भरवू नका. मनुका, बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात. दोन-चार दाणे पोटात गेले तरी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

---

प्रेषक: सचिव

मतदान रद्द. नियम तपासायच्या आधीच मी ते जाहीर केलं, ही माझी चूक. वहिनी, लेकीला मी स्वतः फोन करते. दारावर दोघीच स्वयंसेविका असतील आणि ते दोन प्रश्न त्यांना आधीच समजावून सांगेन. तुमच्या लेकीला तर तेही विचारायची गरज नाही, फॉर्मवर सगळं आलंय.

---

प्रेषक: प्रसाद समितीतून

वहिनी,

मी उजवीकडे बसेन. लेकीला सांगा, आजोबा दुरून हात करतील.

खिरापत दरवर्षी मीच करतो. पोरांच्या हातून निम्मी सतरंजीवर सांडते, म्हणजे भिंतीकडेसुद्धा सांडणारच. तेव्हा या वर्षी सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बदाम. बेदाण्यांची दोन पाकिटं आणली होती, ती आज दुकानात परत केली. मोदकाचं सारण करणाऱ्या मंडळींनाही कळवलंय. कुत्र्याला चालत नाही असं आणखी काही असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, शनिवारी सकाळी मी भाजायला घेतो.