धेंपोच्या सुवर्णकाळातल्या खेळाडूंची माहिती हवी आहे (तातडीने!)

सीमेवरचा_भाऊ
नमस्कार मंडळी. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लब या फुटबॉल क्लबच्या सुवर्णकाळातल्या खेळाडूंची कारकीर्द मराठीत कुठे एकत्र मिळेल का? प्रत्येकी पाच-सहा ओळी पुरे. सोमवारी फ्लेक्सवाल्याला मजकूर द्यायचाय. गुगल करून झालंय, तेव्हा "गुगल करा" म्हणू नये. नुसत्या लिंकाही नकोत, उघडत बसायला वेळ नाही. आगाऊ धन्यवाद.

म्हापशेकर
कुठला सुवर्णकाळ? किती खेळाडू? फक्त गोंयकार की परदेशीही? प्रशिक्षक धरायचे का? फ्लेक्स कशाचा?
एवढं सांगितलंत तर लिहायला बसतो.

कूपरेजचा_कठडा
सुवर्णकाळ म्हटल्यावर विचारायचं काय त्यात? रोव्हर्स चषक! 1978 ला नेला, लगेच 1979 ला परत नेला, पुन्हा 1986 ला. मुंबईत येऊन, आमच्या नाकावर टिच्चून. कूपरेजवर गोव्याच्या क्लबची मॅच असली की निम्मं मैदान धोबीतलाव नि गिरगावातल्या कुडांतून (गोव्याच्या एकेका गावच्या लोकांची मुंबईतली राहायची जागा) आलेलं असायचं. पेडणेकरांचा कूड, असोळणेकरांचा कूड, सगळे आपापल्या गावाच्या नावाने ओरडणार. ट्रम्पेट घेऊन येणारेही असत. हाफटाइमला संत्री सोलायची ती खिशातून आणलेली. आता कूपरेजवर तसं वातावरण राहिलं नाही. मधे एकदा नातवाला घेऊन गेलो तर तो म्हणे रिप्ले कुठे दिसतो.

सीमेवरचा_भाऊ
2004 नंतरचा हो काळ! धेंपोचा सुवर्णकाळ म्हटल्यावर तोच ना? हे काय वेगळं लिहायला हवं?
खेळाडू आठ-दहा. काम गावच्या स्पर्धेचं आहे.

कूपरेजचा_कठडा
लिहायला हवं. 1978 साली तुम्ही जन्मला होतात का?

हिशेबनीस
ठीक. मग हा घ्या सांगाडा:

राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदं: 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. यातली पहिली दोन नॅशनल फुटबॉल लीगची, पुढची तीन आय-लीगची. "पाच वेळा आय-लीग विजेते" असं फ्लेक्सवर लिहू नका. पेपरवालेही सर्रास तसं छापतात. 2007 च्या शेवटी स्पर्धेचं नाव नि स्वरूप बदललं, त्यामुळे पहिल्या दोन आणि पुढच्या तीन वेगळ्या मोजाव्या लागतात.
शिवाय 2004 चा फेडरेशन चषक, 2006 चा ड्युरँड आणि 2008 च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चषकाची उपांत्य फेरी. तिथे लेबनॉनच्या सफा क्लबकडून हरले.
हे सगळं आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली. म्हणजे प्रशिक्षक धरायचे की नाही हा प्रश्नच नाही, पहिला फ्लेक्स त्यांचा.

अजून एक. हंगाम दोन वर्षांत पसरलेला असतो. 2012 च्या जानेवारीत क्लब बदलला म्हटलं तरी तो 2011-12 चाच हंगाम. खेळाडूच्या नावापुढे वर्षं टाकताना इथेच घोळ होतो.

फोंड्याची_मावशी
ब्रह्मानंद शंखवाळकर पाहिजेतच! एवढा मोठा गोलरक्षक, देशाचा कर्णधार, अर्जुन पुरस्कार, आणि अजून कोणी नाव घेतलं नाही. आमच्या घरी त्यांचा पेपरातला फोटो कित्येक वर्षं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता.

म्हापशेकर
मावशी, ब्रह्मानंद साळगावकर क्लबचे. आणि काळही आधीचा, ऐंशीचं दशक.

फोंड्याची_मावशी
गोव्याचेच ना? फ्लेक्सवर लावले तर कोण रागावणार आहे?

अक्षरजुळारी
भाऊ, मजकुराचं होईल. आधी फ्लेक्सवाल्याला विचारा त्याच्याकडे युनिकोड चालतं का. आमच्याकडचे बरेच जण अजून जुन्या फाँटवर काम करतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवाल, तो जुन्या फाँटात चिकटवेल आणि "क्लायमॅक्स"चा ॲ उडून "क्लायमक्स" छापून येईल. "क्लिफर्ड"मधला रफार तर हमखास शेजारच्या अक्षरावर बसतो. पीडीएफ करून पाठवा, फाँट आत घालून. आणि फ्लेक्सपेक्षा सनबोर्ड घ्या, वाऱ्याने फाटत नाही, पुढच्या वर्षी परत लावता येतो.

सीमेवरचा_भाऊ
फ्लेक्सचं मी बघतो हो. खेळाडू, खेळाडू!

म्हापशेकर
घ्या तर. आठवणीतून लिहितोय, पण खात्रीचं तेवढंच.

समीर नाईक: बचावपटू, नंतर कर्णधार. धेंपो म्हटलं की हाच डोळ्यांसमोर येतो. आकड्यांत न दिसणारा खेळाडू. कोपऱ्यावरून चेंडू आला की गोलरक्षकाच्या आधी याचा हात वर, कोणी कुठे उभं राहायचं ते सांगायला.
महेश गवळी: मधल्या फळीच्या मागचा कणा. त्याआधी ईस्ट बंगालमध्ये होता, 2003 साली जाकार्ताला आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या संघात.
क्लायमॅक्स लॉरेन्स: मध्यरक्षक. 2008 च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत याने गोल मारला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. ती स्पर्धा जिंकल्यामुळेच भारत 2011 च्या आशियाई चषकाला गेला.
क्लिफर्ड मिरांडा: डावी बाजू. पाचही विजेतेपदांत आहे.
रँटी मार्टिन्स: नायजेरियाचा. 2010-11 मध्ये 30 गोल, 2011-12 मध्ये 32. मी आणखी काय लिहू?
बेटो: ब्राझीलचा. रँटीच्या गोलांतले निम्मे याच्या पायातून निघालेले असत, पण लक्षात राहतो तो शेवटचा पाय लावणारा.

महिंद्राभक्त
धेंपो-धेंपो काय चाललंय? 2004-05 आणि 2006-07 च्या मधे कोण जिंकलं ते कोणी लिहिलंच नाही. 2005-06, महिंद्र युनायटेड, मुंबई. डेरिक परेरा प्रशिक्षक (तेही गोव्याचेच, बरं का). शिवाय त्याच हंगामात फेडरेशन चषकही. खेळाडूंच्या पुढच्या कारकिर्दीचं बोलायचं तर त्या संघातला खालिद जमील आज भारताचा मुख्य प्रशिक्षक आहे. 2017 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. धेंपोच्या कुणी केलंय का असं?

म्हापशेकर
क्लब 2010 मध्ये बंद झाला तुमचा.

महिंद्राभक्त
आणि तुमचा 2016 ला आय-लीगमधून बाहेर पडला. साळगावकर नि स्पोर्टिंगच्या पाठोपाठ.

म्हापशेकर
बाहेर पडला, बंद नाही झाला. जुन्या गोव्यात एलाला अकादमी चालू होती. गोवा प्रोफेशनल लीग खेळत होते. 2024-25 ला आय-लीगमध्ये परत आलेही. बंद पडणं नि बाहेर पडणं यातला फरक मुंबईकरांना समजावायला नको.

महिंद्राभक्त
मुंबईकरांना काय समजतं ते 2020-21 ची इंडियन सुपर लीग जिंकून मुंबई सिटीने दाखवलंय. अंतिम सामना तुमच्याच फातोर्ड्यात झाला होता.

हिशेबनीस
दोघेही वेगळा धागा काढा. पॉपकॉर्न घेऊन येतो.

नवाखेळाडू_२०
ओडाफा राहिला ना? ओडाफा ओकोली! तोच ना धेंपोचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर?

हिशेबनीस
ओडाफा चर्चिल ब्रदर्सचा. ओडाफा आणि रँटी, दोघे नायजेरियन, दोघे गोव्यात, एकाच काळात, त्यामुळे पोरं हमखास गोंधळतात. 2008-09 ची आय-लीग मधे चर्चिलने घेतली ती ओडाफाच्या जोरावर.
विचारायचंच तर सुनील छेत्रीचं विचारा. 2009-10 च्या हंगामात तो धेंपोकडे होता, हे बहुतेकांना माहीत नसतं. हंगाम संपायच्या आतच अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. आता त्याला "धेंपोचा खेळाडू" म्हणून फ्लेक्सवर घ्यायचं का, ते भाऊंनी ठरवावं. माझ्या मते नाही. गर्दी मात्र त्याच्याच फ्लेक्सपुढे होईल.

सीमेवरचा_भाऊ
मंडळी, सगळ्यांचे आभार, पण विजेतेपदं नि गोल मला माहीत आहेत! मला हवंय ते खेळणं थांबल्यावर हे लोक काय करतात ते. आमच्या पोरांना तेच दाखवायचंय. स्पर्धेला येणाऱ्या पोरांचे आईबाप विचारतात, फुटबॉल खेळून पुढे काय? त्याला उत्तर म्हणून फ्लेक्स लावतोय.

म्हापशेकर
अहो मग हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!! मी रँटीचे गोल मोजत बसलो.

कूपरेजचा_कठडा
फुटबॉल खेळून पुढे काय, तर नोकरी. आमच्या वेळी बँका, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, एअर इंडिया सगळे खेळाडू घ्यायचे. सकाळी सराव, दुपारी टेबल, निवृत्तीला पेन्शन. क्लबं व्यावसायिक झाली आणि ती वाट अरुंद झाली. हेही लिहा फ्लेक्सवर.

हिशेबनीस
मग काम सोपं झालं, कारण या संघातले गोव्याचे खेळाडू बरेचसे प्रशिक्षक झालेत आणि ते नोंदीत आहे.

क्लिफर्ड मिरांडा: एफसी गोवाकडे सहाय्यक. 2020 च्या सुरुवातीला क्लबने मुख्य प्रशिक्षक हंगामाच्या मधेच बदलला तेव्हा संघ याच्या हातात दिला आणि त्यांनी इंडियन सुपर लीगच्या साखळीतलं पहिलं स्थान मिळवलं. त्यामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा ठरला. मग एप्रिल 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर चषक जिंकून दिला, अंतिम सामन्यात बंगळुरूला 2-1 हरवून. महिंद्राभक्त, "कुणी केलंय का" विचारत होतात ना?
महेश गवळी: इगोर स्टिमाच भारताचे मुख्य प्रशिक्षक असताना (2024 पर्यंत) भारतीय संघाचे सहाय्यक प्रशिक्षक होते.
समीर नाईक: धेंपोचेच मुख्य प्रशिक्षक. क्लब आय-लीगमध्ये परतला तेव्हाही तेच.
कुलासो सर: 2011 मध्ये काही महिने भारताचे प्रशिक्षक, नंतर कोलकात्याला ईस्ट बंगालकडे.
रँटी धेंपो सोडल्यावर प्रयाग युनायटेडला गेला, पहिल्याच हंगामात पुन्हा सर्वाधिक गोल. पुढे ईस्ट बंगाल.

परदेशी खेळाडूंचं खेळणं संपल्यावर आपल्याकडचे पेपर त्यांचं नाव घेत नाहीत. त्यांच्या फ्लेक्सवर खेळाचंच लिहा आणि सोडून द्या.

महिंद्राभक्त
सुपर चषक म्हणजे बाद फेरीची स्पर्धा. आय-लीग अख्खा हंगाम चालते. पण असो.

फोंड्याची_मावशी
धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरचं कोणीच लिहिलं नाही.

म्हापशेकर
मावशी, मुद्दाम नाही लिहिलं. भाऊंना "पुढे काय" हवंय.

फोंड्याची_मावशी
म्हणूनच लिहायला पाहिजे. 5 डिसेंबर 2004, बंगळुरू, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि पोरगा उठलाच नाही. पंचवीस वर्षांचा. मैदानावर लगेच उपचार मिळाले असते तर, असं तेव्हा सगळे म्हणत होते. क्लबने 10 नंबरची जर्सी त्यानंतर कोणाला दिली नाही. त्याच हंगामात पुढे धेंपोने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. सुवर्णकाळ तिथून सुरू होतो आणि तुम्ही त्यालाच वगळणार?

नवाखेळाडू_२०
हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

कूपरेजचा_कठडा
गावच्या स्पर्धेत लहान पोरांपुढे असलं लावू नये. आईबाप पोरांना मैदानात पाठवायचे बंद करतील.

फोंड्याची_मावशी
उलट. आईबापांना विचारू दे आयोजकांना, रुग्णवाहिका आहे का, डॉक्टर आहे का, कोणी शुद्धीत नसेल तर काय करायचं ते कुणाला येतं का. भाऊ, तुमच्या स्पर्धेला आहे का काही सोय?

सीमेवरचा_भाऊ
मैदान म्हणजे भात कापल्यावरचा मळा आहे मावशी, बांध तोडून गोलपोस्ट उभे केलेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक ताई ओळखीची आहे, तिला बसवतो. रुग्णवाहिकेचं बघतो.

बाकी, समीर नाईकांचा मजकूर केलाय, नजर टाका:
"समीर नाईक. बचावपटू, धेंपोचे माजी कर्णधार, भारताकडून आंतरराष्ट्रीय सामने. पाच वेळा आय-लीग विजेत्या संघाचे सदस्य. खेळ थांबल्यावर त्याच क्लबचे मुख्य प्रशिक्षक."

हिशेबनीस
पाच. वेळा. आय-लीग. 🤦
"पाच राष्ट्रीय विजेतेपदं" करा.

म्हापशेकर
आणि "खेळ थांबल्यावर" ठळक अक्षरात घ्या, तुमचा मुद्दा तोच आहे ना. क्रिस्तियानोचा फ्लेक्स करणार असाल तर फक्त नाव, 10 नंबर आणि तारीख. बाकी काही नको.

अक्षरजुळारी
फ्लेक्स नाही, सनबोर्ड. मळ्यात वारा असतो.

सीमेवरचा_भाऊ
बदल केले. क्रिस्तियानोचाही करतोय, मावशी म्हणतात तसा, म्हापशेकर म्हणतात तेवढाच. ब्रह्मानंद नाहीत, सॉरी. छेत्रीवर आमच्या समितीत आत्ता भांडण चालू आहे.

महिंद्राभक्त
खालिद जमीलचा एक लावा की. पुढे काय याला याहून चांगलं उत्तर नाही. पैसे मी देतो.

म्हापशेकर
धेंपोच्या फ्लेक्समधे महिंद्र? हरकत नाही, मावशींचे ब्रह्मानंदही घ्या मग शेजारी.

नवाखेळाडू_२०
भाऊ, स्पर्धा सेव्हन-अ-साइड आहे का? संघाची प्रवेश फी किती? आम्ही सावंतवाडीहून येऊ शकतो.