पनामा १९०३: स्वातंत्र्य की सौदा?

बंदरवाला: पनामा १९०३ मध्ये कोलंबियापासून 'मुक्त' झाला असं अजून लिहिलं जातं, म्हणून हा धागा. मूळ प्रश्न अमेरिकेला तिथे हव्या असलेल्या कालव्याचा. दोन करार शेजारी ठेवून बघा. जानेवारी १९०३ चा अमेरिका-कोलंबिया हे-एर्रान करार: कोलंबियाला १ कोटी डॉलर रोख, पुढे वर्षाला अडीच लाख, कालव्याचा पट्टा साधारण ६ मैल रुंद, मुदत १०० वर्षं. ऑगस्टमध्ये बोगोटाच्या, म्हणजे कोलंबियाच्या राजधानीतल्या, सिनेटने तो फेटाळला. नोव्हेंबरात पनामा वेगळा झाला आणि १८ तारखेच्या अमेरिका-पनामा करारात रक्कम तीच, पट्टा मात्र १० मैल आणि मुदत कायमची! शिवाय पट्ट्यात अमेरिका जणू सार्वभौम. फायदा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

इतिहासखोर: फायदा अमेरिकेचा, मान्य. पण फुटण्याची इच्छा वॉशिंग्टनहून आयात झाली नव्हती. पनामा १८२१ मध्ये आपणहून बोलिव्हारच्या कोलंबियात गेला, १८४०-४१ मध्ये वेगळाही झाला होता. १८८६ च्या राज्यघटनेने त्याची स्वायत्तता काढून घेतली. त्यात अमेरिकेच्या स्पूनर कायद्याची (१९०२) टांगती तलवार: कोलंबियाशी वाजवी वेळेत जमलं नाही तर कालवा निकाराग्वातून. तसं झालं असतं तर पनामा शहरातल्या व्यापाऱ्यांनी करायचं काय?

बंदरवाला: नाराजी खरीच. पण नाराजीने सैन्य अडत नाही. ३ नोव्हेंबरला सकाळी कोलोन बंदरात कोलंबियाचे सुमारे ५०० सैनिक उतरले. रेल्वे अमेरिकन व्यवस्थापनाखाली. अधीक्षक शेलरने जनरल तोबार आणि अधिकाऱ्यांना खास डब्यात बसवून पुढे पनामा शहराला धाडलं. सैनिकांसाठी मात्र डबे नाहीत. पलीकडे पनामा शहरातल्या तुकडीचा प्रमुख वेर्तास फुटला आणि त्याने जनरलांनाच अटक केली. इकडे कोलोनला अमेरिकेची 'नॅशव्हिल' युद्धनौका आदल्या दिवसापासून बंदरात उभी. तिचे नौसैनिक किनाऱ्यावर उतरले. ५ तारखेला कोलोनमध्ये अडकलेल्या सैनिकांचा कर्नल तोरेस ८,००० डॉलर घेऊन त्यांच्यासकट परतीच्या जहाजावर चढला. ६ तारखेला अमेरिकेची मान्यता! एवढी घाई कशाची?

तिरकस: या अख्ख्या 'क्रांती'त तोफगोळ्याने मेला तो एक चिनी दुकानदार. त्याचं नाव कुठल्याच जाहीरनाम्यात नाही.

इतिहासखोर: कोलंबियाशी झालेल्या १८४६ च्या कराराने संयोगभूमीवरची (पनामाच्या चिंचोळ्या भूपट्टीवरची) वाहतूक खुली ठेवायची हमी अमेरिकेने दिली होती. त्याच आधारावर तिचं सैन्य तिथे कितीदा तरी उतरलं, बऱ्याचदा बोगोटाच्याच विनंतीवरून. आणि कोलंबियाच्या सिनेटला साधूसंत समजू नका. फ्रेंच कालवा कंपनीचा परवाना १९०४ मध्ये संपू द्यायचा आणि तिला अमेरिकेकडून मिळणारे ४ कोटी डॉलर आपल्या खिशात घालायचे, असाही तिथल्या काहींचा बेत होता.

बंदरवाला: तोच करार पुढे वाचा. त्यात न्यू ग्रानाडाच्या (कोलंबियाचं तेव्हाचं नाव) संयोगभूमीवरील सार्वभौमत्वाचीही हमी आहे. खुल्या वाहतुकीचं कलम दाखवून त्या धन्याचंच सैन्य अडवलं. परवान्याचं म्हणाल तर १९१० पर्यंतची मुदतवाढ यादवीच्या काळात, काँग्रेस भरलेली नसताना सरकारने परस्पर दिली होती. तिच्यावर शंका घेणं सिनेटचं कामच होतं.

इतिहासखोर: हा मुद्दा तुमचा. पण पनामाने करार स्वीकारलाच ना?

बंदरवाला: सही कुणाची? पनामाचा दूत म्हणून ब्यूनो-वारियाची. फ्रेंच माणूस, त्याच कालवा कंपनीत हितसंबंध, पनामात बरीच वर्षं वास्तव्य नाही. पनामाचे प्रतिनिधी अमादोर आणि बॉइड वॉशिंग्टनला पोचले, त्याच्या काही तास आधी त्याने सही करून टाकली. वर धमकी: मंजूर केला नाहीत तर अमेरिका पाठीशी राहणार नाही. २ डिसेंबरला पनामाची मंजुरी.

तिरकस: व्यवहार सरळ होता तर १९२१ मध्ये अमेरिकेने कोलंबियाला अडीच कोटी डॉलर द्यायचा करार कशासाठी मंजूर केला?

इतिहासखोर: तेलासाठी. अमेरिकन कंपन्यांना तिथल्या तेलाच्या सवलती हव्या होत्या. मूळ मसुद्यात झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला होता, तो भाग अमेरिकेच्या सिनेटने आधी गाळला आणि मग करार मंजूर केला.