लिनक्सवाल्यांना सूचना कुठे पाठवायच्या? मदत हवी आहे

वाचनालय_सेवक
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे. त्यात काय सुधारायला हवं याच्या सूचना आहेत, पण त्या कुठे पाठवतात ते कळत नाही. एका इंग्रजी फोरमवर लिहिलं, उत्तर नाही. ईमेल केला, तो परत आला. कृपया नेमका पत्ता सांगा.

सूचना अशा: मराठी कळफलक आधीपासून असावा, शोधत फिरायला लागू नये. ल आणि श हिंदीसारखे दिसतात, ते मराठी दिसावेत. आणि एक वाचक उठला की त्याचं सगळं पुसलं जावं. आमच्याकडे मुलं भरतीचे फॉर्म भरतात, आधारची पीडीएफ डाउनलोड करतात आणि तशीच सोडून जातात. पुढच्या माणसाला ती दिसते. हे फार गंभीर आहे. लवकर सांगा, सोमवारी कार्यकारिणीची बैठक आहे.

पाणंद
कुठलं लिनक्स? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, त्यांची माणसं वेगळी, तक्रारीच्या जागाही वेगळ्या. आवृत्ती कुठली, डेस्कटॉप कुठला, ते आधी सांगा.

आडवाट
जुनी यंत्रं असणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून सगळे इकडे येतायत. माझा सल्ला ऐका, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका आणि रॅम ८ जीबी करा. जुनं यंत्रसुद्धा चांगलं पळतं. आमच्या ऑफिसात असंच केलं.

वाचनालय_सेवक
वेगाची तक्रार नाहीये, आडवाट. एसएसडी आहेत. मिंट आहे, हिरव्या चिन्हाचं. सूचना कुठे पाठवायच्या?

पाणंद
मिंट २१ की २२? डेस्कटॉप सिनॅमन, माटे की एक्सएफसीई? मेनूत "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडा, तिथे लिहिलेलं असतं. आणि "मराठी दिसत नाही" म्हणजे कुठे? मेनूत, ब्राउझरमध्ये की लिब्रेऑफिसमध्ये? तिन्हींची कारणं वेगळी असतात.

सह्यवाट
सेवकभाऊ, वेळ घालवू नका. मी २००८ पासून उबुंटू वापरतोय. त्याच वर्षी त्यांनी "ब्रेनस्टॉर्म" नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. कुणीही कल्पना मांडावी, बाकीच्यांनी मत द्यावं. आम्ही हौसेने लिहायचो. ते पुढे बंद झालं. २०१० मध्ये खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा किती लोकांनी विरोध केला! तरी ती डावीकडेच राहिली. वापरणाऱ्याचं ऐकायचं नाही हे ठरलेलंच असतं.

टंकमित्र
सह्यवाट, एवढं एकतर्फी नको. २००९ मध्ये "हंड्रेड पेपर कट्स" नावाचा उपक्रम झाला होता, उबुंटू ९.१० साठी. रोज टोचणारे पण चटकन दुरुस्त होतील असे दोष लोकांकडूनच मागवले आणि त्यातले पुष्कळ दुरुस्तही झाले. शिवाय बटणं २०१७ मध्ये, १७.१० ला, परत उजवीकडे आलीच की.

सह्यवाट
ती आली कारण युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सोडून ते ग्नोम या जुन्या डेस्कटॉपवर परतले. नुसत्या सूचनेमुळे नव्हे. आणि सात वर्षांनी आली.

टंकमित्र
बटणांपुरतं मान्य. पण फरक बघा ना. बटणं कुठे असावीत हा आवडीचा प्रश्न होता, तो मतांनी सुटत नाही. "अमुक केलं की तमुक चुकतं" असं दाखवता आलं तर कुणीतरी हात घालतं. सेवकदादांच्या तीनपैकी दोन गोष्टी या दुसऱ्या जातीच्या आहेत, आणि तिसरी मिंटमध्ये आधीच आहे.

वाचनालय_सेवक
मिंट २२, एक्सएफसीई. ल आणि श सगळीकडेच तसे दिसतात. तिसरी आधीच आहे म्हणजे काय? आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पाणंद
मेनूत "लॉगिन विंडो" शोधा. त्यात "युजर्स"चा टॅब आहे, तिथे गेस्ट सेशनला परवानगी द्या. मग लॉगिनच्या पडद्यावर पाहुण्याचं खातं येतं. पाहुण्याची फोल्डरं तात्पुरती बनतात आणि लॉगआउट केलं की सगळी जातात. डाउनलोड, फायरफॉक्सचे पासवर्ड, इतिहास, सगळं. वाचकांना ठळक अक्षरांत पाटी लावून सांगा की फाइल हवी असेल तर पेनड्राइव्हवर घ्या, कारण ती परत मिळणार नाही. आणि लॉगआउट करायला लावा. नुसता पडदा बंद करून उठला तर काहीच पुसलं जात नाही.

घाटमाथा
एवढी उठाठेव कशाला? सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स टाका. डेबियनवर आहे, भारतीय भाषांसाठीच बनवलंय, आणि सूचना करायला माणूस आपल्या देशात बसलाय.

कोचीकर
मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त कोचीत आहे. माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत जाते. केरळच्या शाळांत काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती देते, मल्याळम टायपिंगसकट. शिक्षकाने शाळेत कळफलक शोधत बसायचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रात वाचनालयांसाठी असं का होऊ नये? राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. खरी सूचना ग्रंथालय संचालनालयाला पाठवायला हवी, मिंटला नव्हे.

घाटमाथा
तेच म्हणतोय मी, बॉस घ्या.

पाणंद
घाटमाथा, चालू यंत्रं पुसून नवीन प्रणाली टाका हे सूचना कुठे पाठवायची याचं उत्तर नाही. कोचीकर, तुमचं पटतं, पण सोमवारच्या बैठकीला उपयोग नाही.

वाचनालय_सेवक
गेस्ट चालू झालं! पण आता पाहुण्याला मराठी कळफलकच नाही. माझ्या खात्यात मी बसवला होता, तिथे आहे. ही तर नवीनच अडचण.

टंकमित्र
बरोबर, कारण कळफलकाची मांडणी प्रत्येक खात्यात स्वतंत्र साठवली जाते आणि पाहुण्याचं खातं दर वेळी कोरं असतं. उपाय आहे. ईटीसी फोल्डरमध्ये "गेस्ट-सेशन" नावाचं फोल्डर करा, त्यात "स्केल" (रोमनमध्ये skel) नावाचं. तुम्हाला हवी तशी मांडणी एका साध्या खात्यात बसवा आणि त्या खात्यातल्या लपलेल्या सेटिंग फाइली, टिंबाने सुरू होणाऱ्या, तिथे आणून ठेवा. पाहुण्याचं खातं त्या साच्यावरून बनतं. फायरफॉक्सचं फोल्डर मात्र उचलू नका, नाहीतर तुमचे पासवर्ड सगळ्यांना मिळतील.

पण एक सांगा, कळफलक कुठला बसवलात?

वाचनालय_सेवक
मराठीच. यादीत दिसला तो घेतला, कागप की काहीतरी.

टंकमित्र
तो उच्चारानुसार चालतो. इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक शिकलेल्याला त्यावर एक शब्द लिहिता येणार नाही. "आयबस-एम१७एन" हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. मग "इनपुट मेथड"मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी उघडा. तिथे इन्स्क्रिप्ट मिळेल, आणि या फोरमवरच्या जुन्या लोकांना गमभन ही उच्चारानुसारची मांडणी मिळेल. रेमिंग्टनवर बोटं बसलेल्या टायपिंगवाल्या मुलांसाठी हिंदीच्या यादीत रेमिंग्टन आहे.

इन्स्क्रिप्टवर तऱ्हा, वाऱ्यावर, दऱ्या हे शब्द लिहून बघा. शिफ्ट-जे ने ऱ येतो, डी ने हलन्त, मग पुढचं अक्षर. साध्या र ने केलंत तर रफार पडतो आणि दऱ्याचं दर्या होतं. ॲ सापडला नाही तर कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून ०९७२ हे आकडे रोमनमध्ये लिहा आणि एंटर मारा.

बेळगावकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या मंडळाच्या १९९८ पासूनच्या स्मरणिका डीव्हीबी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हेही सूचनांत घालाल का?

पाणंद
बेळगावकर, तो दोष लिनक्सचा नाही. त्या काळच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरं साठवलेली आहेत, त्यामुळे विंडोजवरसुद्धा तो फॉन्ट नसेल तर असंच दिसेल. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल आणि बदलल्यावर ओळ न् ओळ तपासावी लागेल. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. मूळ फाइली पुसू नका.

वाचनालय_सेवक
ल आणि श चं राहिलं.

टंकमित्र
हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, जरा लांबेल.

युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा कोड एकच आहे. आकार कुठला काढायचा ते फॉन्ट ठरवतो, आणि मजकूर कुठल्या भाषेचा आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मिंटच्या मेनूत आणि खिडक्यांत अक्षरं जुळवण्याचं काम पँगो नावाचा घटक करतो. तुमची प्रणाली इंग्रजीत आहे. इंग्रजी प्रणालीत देवनागरी मजकूर दिसला की पँगो तो हिंदी धरतो. म्हणून हिंदी ल.

उपाय: तुमच्या होम फोल्डरमधल्या "डॉट प्रोफाइल" फाइलमध्ये एक ओळ घाला. रोमनमध्ये एक्सपोर्ट, मग मोकळी जागा, मग पँगो आणि लँग्वेज हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर, मग बरोबरचं चिन्ह, ईएन, विसर्गासारखी दोन टिंबं, एमआर. म्हणजे "इंग्रजी, आणि देवनागरी आली तर मराठी". फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतील तर लॉगआउट-लॉगिन केल्यावर मराठी दिसतील. नसतील तर "फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी" हे पॅकेज घ्या. लिब्रेऑफिसमध्ये वेगळं करावं लागतं, तिथे भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडा.

सह्यवाट
हे तुम्हाला माहीत आहे म्हणून झालं. तालुक्याच्या ग्रंथपालाने हे का करावं? माझं म्हणणं हेच आहे. असल्या गोष्टी आपोआप व्हायला हव्यात आणि त्या होत नाहीत, कारण तिकडे बसलेल्याला ल मधला फरकच दिसत नाही.

टंकमित्र
अगदी बरोबर बोललात. आणि त्याला तो दिसणार नाही, जोवर आपण दाखवत नाही. लोहित फॉन्टवर पुण्यात बसून लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणून तर आज मराठी आकार फॉन्टमध्ये तयार आहेत. ते आपोआप उमटत नाहीत, कारण मधली कडी कुणी जोडलेली नाही.

वाचनालय_सेवक
मेनूत आणि टेक्स्ट एडिटरमध्ये झालं! पाठ्यपुस्तकासारखा ल आला. एक आजोबा रोज येतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनी पाहिल्या पाहिल्या ओळखला. फायरफॉक्समध्ये काही पानांवर होतो, काहींवर नाही.

पाणंद
ज्या पानाने स्वतःची भाषा मराठी म्हणून जाहीर केली आहे तिथे होणार. ज्याने केलेली नाही तिथे फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये "ॲडव्हान्स्ड" उघडून देवनागरीसाठी लोहित मराठी निवडा. ती सूचना खरी त्या संकेतस्थळांना जायला हवी.

आता तुमचा मूळ प्रश्न. मिंटची स्वतःची साधनं गिटहब या संकेतस्थळावर आहेत, लिनक्समिंट या नावाखाली. भाषा आणि इनपुट मेथडचं साधन "मिंटलोकेल" आहे, तिथे "इश्यू", म्हणजे तक्रारीची नोंद, उघडा. कळफलकाच्या मूळ यादीबद्दल असेल तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर एक्सकीबोर्ड-कॉन्फिग. पँगोबद्दल असेल तर ग्नोमच्या गिटलॅबवर. तिन्ही सूचना एका पत्रात लिहिल्या तर तिन्हीकडचे लोक "हे आमचं नाही" म्हणतील. इंग्रजी फोरमवर तुम्हाला उत्तर आलं नाही ते बहुधा यामुळेच.

वाचनालय_सेवक
मिंटलोकेलला असं लिहू का: "भारतातील सर्व भाषांसाठी लिनक्सने चांगली सोय करावी, वाचनालयांना फार त्रास होतो"?

टंकमित्र
नको हो. असं लिहा: मिंट २२ एक्सएफसीई, प्रणालीची भाषा इंग्रजी (भारत), मराठी इनपुट मेथड जोडली. अपेक्षित: ल आणि श मराठी आकारात. प्रत्यक्षात: हिंदी आकारात. पँगोची ओळ घातल्यावर बरोबर दिसतं. विनंती: मराठी जोडली की साधनाने ही ओळ स्वतः घालावी. सोबत आधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं. आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयाचा उल्लेख करा, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी ठरवून दिलेत. नाहीतर समोरच्याला ही तुमची आवड वाटेल. इंग्रजी मी बघून देते, इथेच टाका.

सह्यवाट
चित्रं मी काढून देतो. माझ्याकडे मिंट २२ आहे, सिनॅमनचं. त्यावरही असंच होतं का ते आधी बघतो.

पाणंद
तेही त्यात लिहा, दोन्ही डेस्कटॉपवर होतं म्हटलं की वजन वाढतं. इश्यू उघडला की त्याचा क्रमांक इथे टाका. बाकीच्यांनी तिथे जाऊन "मलाही, मलाही" असं लिहू नका, नुसता अंगठा द्या. ज्याच्याकडे वेगळी आवृत्ती किंवा कोकणी, नेपाळी असा वेगळा अनुभव असेल त्यानेच लिहा.

वाचनालय_सेवक
इंग्रजी मसुदा रात्री टाकतो. बैठकीत गेस्ट खात्याचं दाखवणार आहे. टंकमित्र, ते "स्केल" फोल्डर रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या खात्याने, करायचं ना? साधं करायला गेलो तर परवानगी नाही म्हणतंय.

टंकमित्र
हो, फाइल मॅनेजर "ओपन ॲज रूट" ने उघडा, मग करता येईल. आणि आत ठेवलेल्या फाइली पाहुण्याला वाचता येतील एवढी परवानगी द्या, नाहीतर कळफलक पुन्हा कोराच येईल.